एका दिवसाच्या पाहुण्या

भाचीच्या प्रवेशासाठी महाडला गेले होते. काम लवकर झालं आणि पोलादपूरच्या गाडीला अवकाश होता, म्हणून शाळेच्या मागच्या अंगाला एक फेरी मारली. पत्र्याच्या छपराची ती लांबट खोली अजून उभी आहे. आता तिथे मोडकी बाकं आणि गॅदरिंगचे पडदे ठेवतात. दार ढकललं तसा चुन्याचा, दमट लाकडाचा आणि जुन्या खडूचा वास एकदम अंगावर आला. पाठोपाठ उघड्या खिडकीतून कारखान्यांकडचा तो आंबूस वास, वारा फिरला की सगळ्या गावावर पसरणारा. महाडची शाळा सोडून इतकी वर्षं झाली, पण तो वास नाकात शिरला आणि मला उगाचच बरं वाटलं.

याच खोलीत मी बारावीला पर्यटन शिकले.

विषयाचं नावच ते. बाकीची मुलं बुककीपिंग, रसायनशास्त्र करायची आणि आम्ही मूठभर जण पर्यटन. तो विषय आमच्या शाळेत कसा आला आणि पुढे कधी बंद झाला, मला माहीत नाही. घरी सांगितलं तेव्हा बाबा हसले होते. "त्यात शिकायचं काय? पिशवी भरायची नि गाडीत बसायचं."

बाबांचं पोलादपूरला हमरस्त्यावर हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बाकडी-टेबलं, काचेच्या कपाटात वडे, आणि मागे चूल. मुंबईहून महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या घाट चढायच्या आधी आमच्या दारात थांबायच्या. गॉगल लावलेल्या बायका, हिरमुसलेली मुलं, रस्त्याच्या कडेला वाकून ओकणारं कुणीतरी, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत "लिंबू है क्या?" विचारणारं दुसरं कुणीतरी. पर्यटक म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर तोच यायचा, ओकणारा. आई चुलीपाशी वडे तळायची. तिच्या हाताला कायम बेसनाचा आणि लसणीचा वास. गाड्या यायच्या, शिंगं फुंकल्यासारखे हॉर्न वाजवत आंबेनळीच्या घाटाकडे वळायच्या. त्या वळणापलीकडे मी कधी गेले नव्हते. महाबळेश्वर आमच्यापासून दीड-दोन तासांवर, पण ते बघायचं असतं हेच आमच्या घरात कुणाच्या मनात आलं नव्हतं.

वर्गातही तीच गत. आम्ही टाइम झोन शिकत होतो, हॉटेलातल्या खोल्यांचे प्रकार पाठ करत होतो, विमानतळावर सामान कुठे द्यायचं ते लिहीत होतो, आणि आमच्यातलं कुणी मुंबईपलीकडे गेलेलं नव्हतं. माझी मैत्रीण सायरा काय ती एकदा लग्नाला रत्नागिरीला जाऊन आली होती. सायरा महाडच्या मोहल्ल्यातली. तिचे अब्बा कुवेतला गाडी चालवायचे. तिच्या दप्तरातून तिकडच्या साबणाचा वास यायचा आणि तिचा आवाज असा खणखणीत, की गांधारपाल्याच्या लेण्यांत सरावाला गेलो तेव्हा ती एका विहारात बोलली आणि दोन विहार सोडून बसलेली वटवाघळं उडाली.

आमच्या शेडगे मॅडम वाईच्या. दर सोमवारी पहाटेच्या एसटीने आंबेनळी उतरून यायच्या आणि आठवडाभर महाडला खोली घेऊन राहायच्या. थंडीत त्यांच्या पिशवीत स्ट्रॉबेरीचा पुठ्ठ्याचा खोका असायचा. वर्गात आल्या की आधी तो उघडायचा. त्या खोलीतल्या चुनखडीच्या वासात तो लाल, आंबटगोड वास मिसळला की आम्हाला कुठेतरी पोहोचल्यासारखं वाटायचं.

मॅडमनी आम्हाला उलटं चालायला शिकवलं. गाइडने पाहुण्यांकडे पाठ करायची नसते, त्यांच्याकडे तोंड करून मागे मागे चालायचं असतं. आम्ही मैदानावर ओळीने उलटे चालायचो, एकमेकांवर आदळायचो, भाताच्या बांधावरून शेतात पडायचो. सव गावच्या गरम झऱ्यांवर गंधकाच्या वासात नाक न धरता हसून कसं बोलायचं, ते शिकवलं. चवदार तळ्यावर मात्र त्यांनी कुणालाच बोलायला लावलं नाही. "इथं आधी नुसतं बसायचं," म्हणाल्या. आम्ही पायऱ्यांवर बसलो. पाणी हलत होतं. कितीतरी वेळाने त्या म्हणाल्या, "आता चला."

आणि त्यांचे दोन नियम होते. माहीत नाही ते 'माहीत नाही' म्हणायचं. दिसत नाही ते दिसतं म्हणून सांगायचं नाही.

"पाहुण्याला खूश करायला किती गाइड सांगतात, तो बघा समुद्र, ती बघा अमकी खिंड," त्या म्हणायच्या. "पाहुणा बिचारा मान हलवतो. अशी मान हलवायला लावायची नाही कुणाला."

त्या वर्षीचे ऋतू मला त्या खोलीच्या खिडकीतून आठवतात. श्रावणात सावित्रीचं गढूळ पाणी रस्त्यावर आलं की शाळा सुटायची आणि आम्ही पोलादपूरकडची मुलं स्टँडवर भिजलेल्या दप्तरांचा वास घेत बसायचो. दिवाळीच्या सुमाराला एसटीच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचा गोडसर वास. मग कोरड्या खाचरांत वाल उगवायचे. आणि माघात, पळस पेटले, आंबे मोहरले, तेव्हा प्रॅक्टिकल आली.

प्रॅक्टिकल म्हणजे दोघी-दोघींनी मिळून खऱ्या पर्यटकांची एक दिवसाची सहल काढायची. ठरवायची, न्यायची, जेवू घालायची, सुखरूप आणायची. बाहेरगावचे परीक्षक दिवसभर मागे चालणार. मी आणि सायराने रायगड घेतला. पर्यटक म्हणून सायराचे मुंबईचे मामा, मामी आणि त्यांच्या बिल्डिंगमधली माणसं येणार होती. सगळं ठरलं होतं. आणि सहल दोन दिवसांवर आली असताना मामांचा निरोप आला, जमत नाही.

बाकीच्या जोड्यांची माणसं ठरलेली. आमच्याकडे गड होता, रोपवेची वेळ होती, पाचाडच्या खानावळीत सांगून ठेवलेलं जेवण होतं; माणसंच नव्हती. मी संध्याकाळी हॉटेलच्या मागे दगडावर बसून रडत होते. आई वाटण वाटत होती.

"पर्यटक म्हंजे कोन लागतो गो?" तिने विचारलं.

मी रडत रडतच व्याख्या म्हणून दाखवली. जो आपलं नेहमीचं राहण्याचं ठिकाण सोडून, कमाईच्या उद्देशाशिवाय, दुसऱ्या ठिकाणी जातो, तो.

आईने वरवंटा थांबवला. "म्हंजे मी कदीच नाय झाले."

"काय?"

"पर्यटक. माहेरास्नं हितं आले ती कामाला. म्हाडला जाते ती सामान आनायला." मग पाट्यावरचं वाटण हाताने गोळा करत म्हणाली, "मी येऊ? तुज्या काकीला बी घेते. वाडीतल्या दोगी-तिगी येतील. रायगड कुनीच बगितलेला नाय."

मी रडायची थांबले.

बाबांना ते पटायला रात्रीचं जेवण उरकावं लागलं. "नि हितं वडे कोन तळील?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "मी रोज तळते ते तुमी रोज खाता. येक दिस तुमी तळा." बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सायराला सांगितलं, तर तिने घरी जाऊन अम्मीला सांगितलं, आणि अम्मी, जिला मी खाला म्हणायचे, ती स्वतः यायला निघाली. मोहल्ल्यातल्या आणखी बायकांना घेऊन. अब्बांना न विचारता कशी काय, असं सायराने म्हटलं, तेव्हा खाला शांतपणे म्हणाली होती, "फोन शुक्रवारी येतो, सहल बुधवारी आहे. शुक्रवारी विचारेन."

बुधवारी सकाळी महाड स्टँडवर सगळ्या जमल्या. आमच्याकडच्या बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती, त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास. डोक्यात अबोली. मोहल्ल्यातल्या बायकांच्या बुरख्यांना अत्तराचा वास. आधी दोन घोळके वेगवेगळे उभे होते. मग खालाने विचारलं, "गाडी लागते का कुणाला?" काकी म्हणाली, "लागते की." खालाने पर्समधून आवळासुपारी काढली. पाचाडला पोहोचेपर्यंत कोण कुठली बाई कुणाशेजारी बसली आहे हे मला सांगता येईना.

गडाच्या पायथ्याशी मॅडम परीक्षकांना घेऊन उभ्या होत्या. परीक्षक उंच, पांढऱ्या शर्टाचे, छत्री घेतलेले. त्यांनी आमच्या मागे पाहिलं.

"पर्यटक कुठे आहेत?"

"ह्या काय, सर," सायरा म्हणाली.

त्यांनी पुन्हा पाहिलं. लुगडी, बुरखे, भाकऱ्यांच्या फडक्यांची गाठोडी. खानावळीत जेवण सांगितलंय हे सांगूनसुद्धा प्रत्येकीने भाकरी आणली होती.

"या तर तुमच्या घरच्या बायका दिसतात."

शेडगे मॅडम पुढे झाल्या. "सर, ह्यातल्या एकीनंही गड बघितलेला नाही. मुलींनी कालच सांगितलं, मी स्वतः विचारून घेतलंय."

"तसं नाही हो मॅडम," ते म्हणाले. रागाने नव्हे, समजावल्यासारखं. "पाहुण्याला फिरवणं वेगळं आणि आईला फिरवणं वेगळं. आई चुका पोटात घालते. मग मी मार्क कशाचे देऊ?"

रोपवेचा पाळणा घरघरत वरून खाली आला आणि रिकामाच वर गेला. परीक्षकांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. मला वाटतं त्यांनाही आम्हाला परत पाठवायचं जिवावर आलं होतं.

"बरं. एक अट. आज दिवसभर इथे कुणी कुणाची आई नाही आणि कुणी कुणाची मुलगी नाही. 'आई' ऐकू आलं, 'अम्मी' ऐकू आलं, की सहल तिथेच संपली." मग ते बायकांकडे वळले. "आणि तुम्हीही ह्यांना सांभाळून घ्यायचं नाही. पर्यटक खटकेल ते बोलतो. तुम्ही बोलायचं."

"बोलू?" आईने विचारलं.

"बोला."

"मगाधरनं आमी उनात उब्या हाव. जरा सावलीत बोललात तर चालंल का?"

मी पुढे झाले. तोंडात आलेला शब्द गिळला. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या आईला म्हणाले, "आपण... आपण ह्या बाजूला या. इथे सावली आहे."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. आमच्याकडे आईला कुणी अहो-जाहो करत नाही. तिला बाबा अगं म्हणत, गिऱ्हाइकं मावशी म्हणत, आजूबाजूच्या बायका 'गो' म्हणत. आपण या, आपण बसा, असं तिला कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. तिने पदर सारखा केला आणि सावलीत जाऊन उभी राहिली, जरा ताठ.

पाळण्यात बसताना मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "आपण घाबरू नका. खाली बघू नका."

"खाली नाय बगायचं तर मी आले कशाला?" आई म्हणाली, आणि वर पोहोचेपर्यंत काचेला नाक लावून खालीच बघत राहिली. काकीने डोळे मिटून घेतले होते आणि खालाचा हात असा धरला होता, की उतरल्यावर खाला बोटं झटकत होती.

वर वारा होता. सुकलेल्या गवताचा, तापलेल्या काळ्या दगडाचा वास. मी उलटी चालत होते आणि माझ्या समोर त्या सगळ्या सरळ चालत येत होत्या. सिंहासनाच्या जागी आई आपणहून वाकली आणि चपला काढून हातात घेतल्या. मग सगळ्यांनीच काढल्या. बाजारपेठेत मी दुकानांच्या दोन रांगा दाखवल्या, जोती उंच का बांधली ते सांगितलं. आईने हात वर केला, शाळेत करतात तसा.

"गाइडबाई, ह्यातलं खायच्या जिनसांचं दुकान कुटलं?"

"ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "विचारून सांगेन."

मागे परीक्षकांनी मॅडमकडे पाहिल्याचं मला दिसलं. उलटं चालण्याचा तो एक फायदा होता.

मग पश्चिमेच्या कड्यावरचा तो बुरुज आला, दूध घालायला गडावर आलेल्या गवळणीचा. ती गोष्ट मी फार घोकली होती. दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, अंधार, आणि ती कडा उतरून गेली. मी आवाज चढवत, उतरवत सांगितली. संपली तेव्हा टाळ्या येतील असं मला वाटलं होतं. पण बायका बुरुजावरून खाली बघत होत्या.

"घरात दुसरं कोन नव्हतं काय गो पोराजवळ?" काकी म्हणाली.

"सासू असेल," दुसरी म्हणाली.

"सासू असून काय? दूध कोण पाजणार?" खाला म्हणाली.

"पान्हा फुटला असंल तिला," आई हळूच म्हणाली. "दरवाजापाशी उबी असंल नि चोळी भिजली असंल. मग कुटला कडा नि कुटलं काय."

वाऱ्याने बुरखे आणि पदर एकाच बाजूला उडत होते. इतक्या वेळा म्हटलेली ती गोष्ट मला पहिल्यांदाच खरी वाटली.

खाला अजून पश्चिमेकडेच बघत होती. तिने सायराला विचारलं, आणि अटीची आठवण ठेवून विचारलं, "बेटी नव्हे, ते... गाइड मॅडम. समुद्र कुठल्या बाजूला?"

सायराने हात लांब केला. "त्या डोंगरांच्या मागे."

"दिसतो?"

त्या दिवशी सगळं धुरकट होतं. डोंगरांच्या एकामागे एक निळसर रांगा आणि त्यामागे नुसता उजेड. सायराला काय वाटलं असेल मला ठाऊक आहे. त्या बाजूला तिचे अब्बा होते. दोन वर्षांनी एकदा येणारे. 'हो' म्हटलं असतं तर खालाने मान हलवली असती.

"नाही," सायराचा तो खणखणीत आवाज एवढासा झाला. "दिसत नाही. पण बाजू तीच आहे. आपण बरोबर बघताय."

खालाने मान हलवली आणि बघत राहिली. आम्ही थांबलो. वेळापत्रकात त्या बुरुजाला तेवढा वेळ दिलेला नव्हता, पण मॅडमनी लांबूनच हाताने खूण केली, असू दे.

गडावरच्या देवळाकडून पुढे, दक्षिणेच्या अंगाला गेलो तेव्हा आई माझ्याजवळ आली. "येक विचारायचं होतं," ती म्हणाली. नेहमीच्या आवाजात नाही. गिऱ्हाईक विचारतं तसं, जरा बिचकत. "उमरठ कुटं येतं?"

उमरठच्या पलीकडची वाडी हे तिचं माहेर. माझ्या पाठांतरात प्रतापगड होता, मकरंदगड होता, महाबळेश्वरचं पठार होतं. उमरठ नव्हतं. मी वर्गाच्या भिंतीवरचा नकाशा आठवला. सावित्रीचं खोरं कसं येतं, पोलादपूर कुठे, घाट कुठे वळतो. मग हात केला.

"तो लांबचा उंच डोंगर दिसतो ना आपल्याला? तो प्रतापगडाच्या बाजूचा. त्याच्या उजव्या हाताला जी बुटकी रांग उतरते, तिच्या पायाशी. गाव दिसत नाही इथून. रांग दिसते."

"ती?"

"ती."

"तिच्या पल्याड माजं माहेर," आईने शेजारच्या बुरख्यातल्या बाईला सांगितलं. त्या बाईने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. मग काकीने आपलं विचारलं, मग दुसरीने. बिरवाडी कुठे, वरंध कुठे, नाते कुठे. गड राहिला बाजूला. मी आणि सायरा एकेकीचं माहेर शोधून देत होतो आणि एकेक बाई तिकडे तोंड करून उभी राहत होती. कुणाचं सापडलं नाही तर आम्ही नाही म्हणून सांगत होतो. मोहल्ल्यातली एक म्हातारी म्हणाली, "माझं महाडातलंच माहेर नि महाडातलंच सासर. मला महाड दाखवा." तिला महाड दाखवलं. ती खूश झाली.

उतरून पाचाडला खानावळीत जेवायला बसलो. शेणाने सारवलेली ओसरी, वर गवताचं छप्पर, चुलीचा धूर. खानावळीतली बाई आईसमोर उभी राहिली. "काय वाढू?"

"काय हाय ते वाड," आई म्हणाली.

"पिठलं हाय, वालाचं बिरडं हाय, झुणका हाय. काय पायजे?"

आई माझ्याकडे बघायला लागली. तिला काय पाहिजे हे तिला कुणी विचारलेलं नव्हतं, आणि मलाही त्याचं उत्तर माहीत नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर कढईत उरेल ते ती खायची. तिला काय आवडतं?

"आपण सावकाश सांगा," मी म्हणाले.

"बिरडं," शेवटी ती म्हणाली. "नि भाकरी गरम. तव्यावरची."

ती तव्यावरची भाकरी आली. आईने वाफेत बोटं भाजत तुकडा मोडला, खाल्ला, दुसरी मागितली. आमची गाठोडीही सुटली. खालाने आणलेल्या तांदळाच्या रोट्या काकीच्या ताटात आणि काकीची जवळ्याची चटणी खालाच्या. परीक्षकांनाही दोन्हीकडून आग्रह झाला. जेवण होताच सवयीने आईचा हात ताटं गोळा करायला पुढे गेला. ताटाच्या कडेला बोटं लागली, आणि ती थांबली. हात मागे घेतला. पदराला पुसला. आणि मांडी घालून, भिंतीला टेकून बसली, मी ताटं उचलीपर्यंत.

परीक्षकांनी शेवटी सगळ्यांना विचारलं, "काही तक्रार?"

"हाय," आई म्हणाली. "चपला काडायच्या ते ठीक. पन दगड किती तापतो ते गाइडबाईंनी आधी सांगायला पायजे हुतं. पाय भाजले."

ते हसले आणि काहीतरी टिपून घेतलं.

मार्क बरे पडले, किती ते आठवत नाही. मी पुढे पर्यटनात गेले नाही. सायरा गेली, आधी मुंबईत तिकिटांच्या कचेरीत आणि मग लग्न होऊन तिकडे, डोंगरांच्या रांगांपलीकडच्या त्या बाजूला. खाला हजला जाऊन आली तेव्हा आईसाठी खजूर घेऊन आली होती. त्या बायकांचं तेव्हापासून ठरूनच गेलं. वाल निघाले की दर माघात कुठेतरी जायचं. हरिहरेश्वर, गणपतीपुळे, एकदा कोल्हापूर, एकदा चक्क महाबळेश्वर. आई आता थकली आहे, पोलादपूरला भावाकडे असते. पण कुठे जायचं म्हटलं तर अजून सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसते. मॅडम वाईला असतात. जानेवारीत माझ्याकडे त्यांचा स्ट्रॉबेरीचा खोका येतो.

पण त्या बुधवारची संध्याकाळ अजून व्हायची होती. महाड स्टँडवर सगळ्या पांगल्या. परीक्षक निघून गेले. खाला आणि सायरा मोहल्ल्याकडे वळल्या. पोलादपूरची गाडी फलाटाला लागली आणि मी दिवसभर तोंडात धरलेला शब्द सोडला.

"आई, चल गो, गाडी लागली."

आई हलली नाही. बाकावर बसून होती, मांडीवर रिकामं फडकं. "आत्ताच काय?" ती म्हणाली. "घरी कुटं पोचलो अजून? तवर 'आपण' म्हन."

मी तिच्या हातातलं फडकं घेतलं. "आपण आधी चढा," म्हणाले. ती चढली. वाटेत तिने मला राजेवाडी कुठे विचारली, सावित्री कुठल्या हाताला विचारली. सगळं तिला माहीत होतं. मी सांगत गेले.

पोलादपूरला उतरलो तेव्हा दिवे लागले होते. हॉटेलात बाबा होते, कपाळाला बेसन, आणि काचेच्या कपाटात करपलेले वडे. आई नेहमीप्रमाणे बाजूच्या बोळाने चुलीकडे गेली नाही. समोरून आली आणि पुढच्या बाकड्यावर, गिऱ्हाइकं बसतात तिथे, बसली. पिशवी शेजारी ठेवली. बाबा तिच्याकडे बघत राहिले.

मग बाबांनी फडक्याने तिच्यापुढचं टेबल पुसलं, बशीसकट कप आणून ठेवला. आईने चहा बशीत ओतला, फुंकला, एक घोट घेतला.

"साकर कमी हाय," ती म्हणाली.

बाबा साखरेचा डबा आणायला आत गेले.